अण्णांचा सतराचा पाना

२४ सप्टेंबर, बुधवार

माझ्या बाइकची चेन सैल. गाडी नुसती खडखड करतेय. सासऱ्यांकडे पाना मागितला. भोसरीच्या टूलरूममध्ये जन्म घालवलेला माणूस, घरात लाल पेटीभर हत्यारं — आणि उत्तर काय? "लेखणी, पुस्तक, बायको अन् पाना. परक्या हाती गेलं की गेलं." परकी कोण? मी! लग्न होऊन आठ वर्षं भाकऱ्या थापतेय इथे!

स्कूटरही देत नाहीत. ती त्यांना रोज चिंचवडला मित्रांत गप्पा ठोकायला लागते.

दसऱ्यानंतर चाकणला लाइन लीडरची जागा आहे. कंपनीची बस आमच्या पुनावळ्यात येत नाही. सर स्पष्ट म्हणाले, "मॅडम, एक जरी लेट मार्क पडला तर ती जागा तुमच्या लाइनवरच्या श्रद्धाला देणार."

घरी गाडी दुरुस्त करणाऱ्यांना माझा पहिला सल्ला : पाने नंतर घ्या, आधी सासरे परगावी पाठवा.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

ऑनलाइन मागवलेली पेटी आली. एकशे आठ नग! जपाला बरे. पहिल्याच झटक्यात पान्याचा जबडा फाकला, माझी बोटं सोलली. अण्णा पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसलेलेच. "त्यो पाना न्हाई, चमचा हाय. आमटी वाढ त्यानं."

सल्ला दुसरा : या एकशे आठांत कामाची फक्त प्लॅस्टिकची पेटी. तिच्यात मी कांदे ठेवलेत. तिसरा : पक्कडीने नट फिरवू नये. पक्कड सासऱ्यांकडे बघत कडकड वाजवायला असते.

गॅरेजला नेते म्हटलं तर भडकले. "घरात फिटर असताना ग्यारेज? मी मेल्यावर ने!" आणि समाधान? "सोड ना गं, वय झालंय त्यांचं." नवरा म्हणजे एकशे नववा नग!

२८ सप्टेंबर, रविवार

आज अण्णा आपणहून उठले. लाल पेटी उघडली. पाना काढून मागच्या चाकाच्या नटावर स्वतः बसवला. "सतरा हाय. लाव जोर."

लावला. कर्रर्र! नटाचे कोपरे गेले, पार लाडू झाला. मग पार्किंगमध्ये तमाशा. "हातात अक्कल न्हाई! पाना तिरका धरला!" शेजारच्या अंबुबाई पिशवी घेऊन ऐकत उभ्या. मेले मी लाजेने.

तिरका नव्हता धरला मी. की धरला होता?

२९ सप्टेंबर, सोमवार

अण्णांशी बोलत नाही. आमटीत मीठ जास्त टाकलं. मुद्दाम.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

हत्यारांची पूजा. अण्णांचा नियम — लाल कापडावर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत, ओळीने. एकदा मांडले की दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. समाधानने लहानपणी ओळ चुकवली होती तर कानफटात बसली होती. आज मांडणी अण्णांनी एकट्याने केली.

निरांजन घेऊन मी वाकले. पान्यांवरचे आकडे दिसले. सोळा. शेजारी अठरा. मग सतरा.

परत बघितलं. अठराच! तेवढ्यात अण्णांचं कुंकवाचं बोट पान्यावर न पडता शेजारी कापडावर टेकलं. मग पुढच्या पान्यालाही तसंच.

म्हणजे रविवारी सतराच्या नटावर अठराचा बसवला होता, म्हणून घसरला! म्हाताऱ्याला दिसतच नाही! आणि अख्ख्या सोसायटीसमोर अक्कल काढली माझी!

अंबुबाई प्रसादाला आलेल्याच होत्या. नुसतं "अण्णा, हा कितीचा?" विचारलं असतं की झालं असतं. अगदी जिभेवर आलं होतं. पण म्हातारा असा अंग चोरून बसला होता... मी गपकन अठराचा उचलला आणि सतराच्या पुढे ठेवला.

"स्वरूपा! पूजेतलं हत्यार उचलतेस?" समाधान ओरडला. अण्णा मात्र ओरडले नाहीत.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सोनं देऊन पाया पडले. अण्णा हळूच म्हणाले, "समाधानला सांगू नगंस. स्कूटर काढून घेईल त्यो."

"तो नाही, मीच घेतेय," म्हटलं. "उद्यापासून चाकणला नेणार. आणा किल्ली." हात पुढेच धरला. खूप राग होता, अजूनही आहे.

बराच वेळ खिसा चाचपत राहिले. मग माझ्या हातावर दोन किल्ल्या ठेवल्या. दुसरी लाल पेटीची.