मागचं डावं चाक

३ नोव्हेंबर

चाक निघालं. चालत्या गाडीचं!

दादा वरच्या वस्तीवरून जीप घेऊन उतरत होता. गाडीत नर्सबाई आणि वस्तीतली एक बाई, मुलीला घेऊन. उतारावर मागून खरखर सुरू झाली आणि डावं चाक शाफ्टसकट बाहेर सरकायला लागलं. दादाने ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला. मग त्याने गाडी दरडीला घातली, घासत घासत थांबवली. दुसऱ्या अंगाला दरी. मुलीच्या कपाळाला टेंगूळ, बाकी सगळे शाबूत.

हे नर्सबाईंनी सांगितलं. दादा पाणी प्यायला आणि अंगणात बसून राहिला. वहिनी त्याचा मळका शर्ट बादलीत नुसताच बुडवत होती, वर काढत होती.

ट्रॅक्टरने ओढून गाडी शेडमध्ये आणली. बाबा गेल्यापासून आमचं ठरलेलंच आहे — चालवायची दादाने, दुरुस्त करायची मी.

४ नोव्हेंबर

गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली आणि मागचा एक्सल उघडला. वाईट अवस्था. बेअरिंगच्या आत खड्डे पडलेत. ते ज्या कॉलरने जागेवर धरून ठेवायचं, ती कॉलरच सैल होऊन सरकली. शाफ्टवर नख फिरवलं तर अडकतं, इतका खाल्लाय. ऑइल सील गेलेलं, ब्रेकचे शू तेलात न्हालेले. सारखं नाल्याच्या पाण्यातून जायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार.

उजवी बाजूही काढून पाहिली. तीही त्याच वाटेवर. म्हणजे दोन्हीकडचं सगळं नवं.

दादाला हाक मारली, ये, बघ तरी. "तू बघितलंस ना, झालं," म्हणाला. दारातूनच.

५ नोव्हेंबर

शहरातल्या स्पेअर पार्टवाल्याला फोन केला. या जुन्या मॉडेलचे शाफ्ट मागवावे लागतील म्हणाला. आठवडा धरून चला.

वस्तीतली मुलं आमच्या गाडीला म्हैस म्हणतात — पाण्यात उतरली की बाहेर यायचं मनावर घेत नाही म्हणून. आज शेडमध्ये चारी पाय वर केल्यासारखी दिसत होती बिचारी.

७ नोव्हेंबर

वहिनी शेडमध्ये आली. ती सहसा येत नाही, तेलाच्या वासाने तिचं डोकं उठतं. शाळेतून आली ती पर्स खांद्याला तशीच ठेवून स्टुलावर बसली.

"पार्ट कधी येणार?"

"येतील गं चार-सहा दिवसांत."

"आणि नाही आले तर?"

मला वाटलं, तिला घाई आहे. समजूत घालायला लागले. तिने मला थांबवलं.

"तसं नाही. आले, तरी नाही आले असं तू म्हणालीस तर?"

हातातला पाना मी खाली ठेवला.

मग ती हळू आवाजात बोलत राहिली. दादा झोपेत पाय दाबतो. ब्रेक दाबल्यासारखा, अंथरुणातच. विचारलं तर म्हणतो, कुठे काय. गाडी झाली की निघायचं, नर्सबाई खोळंबल्यात. "तो जाणारच गं. मी नको म्हटलं तर जास्तच जाईल. तू फक्त महिनाभर काढ. आमच्या शाळेच्या बसला ड्रायव्हर हवाय. तोवर त्याचं मन वळवते मी."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ती उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली, म्हणजे तिने हो धरलं असणार.

११ नोव्हेंबर

पार्ट आले.

खोकं टायरच्या ढिगामागे सरकवलं. संध्याकाळी दादा चहा घेऊन आला. "आले का?"

"नाही."

"बरं," म्हणाला आणि कप ठेवून गेला.

१२ नोव्हेंबर

आजही नाहीच म्हटलं. जीभ सरावते.

१४ नोव्हेंबर

नर्सबाई आल्या होत्या. आता पायी जातात वर, औषधांची पिशवी पाठीला लावून. गुडघा सुजलाय. कुरकुर मात्र नाही, उलट मलाच धीर देत होत्या — "तुझा काय दोष, पार्टच मिळत नाहीत त्याला तू तरी काय करणार?"

त्या गेल्यावर खोकं बाहेर काढलं. फोडलं नाही. वहिनी खिडकीतून बघत होती. परत मागे ढकललं. एकीचा गुडघा दिसतो, दुसरीचा नवरा. आणि माझ्या भावाला दरीच्या काठाने पाठवणारी मी कोण?

पण मग न पाठवणारी तरी मी कोण!

१७ नोव्हेंबर

हात अजून चिकट आहेत, तरी लिहून काढते.

सकाळी नर्सबाईंचा फोन, वस्तीवरून. तिथल्या सुताराच्या मांडीवर ओंडका पडला. हाड बाहेर आलंय, घट्ट बांधलं तरी रक्त झिरपतंच आहे. माणसांनी उचलून आणायचं तर नाल्याच्या पाण्याला ओढ आहे. ट्रॅक्टर नाल्यापर्यंतच जातो, पुढच्या चढणीला कलंडतो. "काहीही कर, पण गाडी पाठव," म्हणाल्या.

फोन स्पीकरवर होता. वहिनी पोळ्या लाटत होती. तिने गॅस बंद केला, हात पुसले, सरळ शेडमध्ये गेली आणि टायर बाजूला सारून खोकं ओढत माझ्यापुढे आणलं.

"किती वेळ लागेल?"

"दोन्ही बाजू आहेत. दुपार तरी होईल."

"मला काय करायचं ते सांग."

बेअरिंग पाइप लावून ठोकत शाफ्टवर बसवलं. खरी भीती कॉलरची. ती तापवून टाकायची असते. गरम असते तोवर सरकते, गार झाली की आवळून बसते. अर्ध्यात अडकली तर कापूनच काढायची, आणि जादा कॉलर नव्हती. वहिनीने स्वयंपाकघरातली शेगडी शेडमध्ये ओढून आणली. तीच सांडशीत कॉलर धरून होती. चेहरा घामाने निथळलेला, हात मात्र जराही हलला नाही. पहिली बसली. दुसरी बोटभर अलीकडे थांबली. पाइपचा एक ठोका, आणि गेली जागेवर. आम्ही दोघी खालीच बसलो.

शाफ्ट आत घातले, नवे शू, नवं तेल. राहिली ब्रेकमधली हवा काढायची. त्याला पेडलवर माणूस लागतो. दादाला हाक मारून बसवलं, मी गाडीखाली. पार्ट कुठून आले, हे त्याने विचारलंच नाही.

"दाब."

"सोड."

"दाब."

सोड म्हटलं तरी तो पेडल सोडायला उशीर करत होता. खालून मला स्पष्ट कळत होतं. त्याला वाटत असावं, कळत नाही.

चाकं चढवली, गाडी जमिनीवर आली. दादाने किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं. गियर टाकला नाही. मग उतरला आणि दार माझ्यासाठी उघडं धरलं.

"तू जा. आवाज बिघडला तर तुला कळेल."

गेले. सगळा जीव कानात, आणि कान मागच्या चाकाशी. नाल्याच्या अलीकडे दरडीवर घासल्याची खूण दिसली, तिथे श्वास धरला. चाक बोललं नाही. नाला पार केला.

सुताराला त्यानेच बनवलेल्या दारावर आडवं करून मागे ठेवलं. उतरताना प्रत्येक दगडाला तो कण्हत होता. मध्येच म्हणाला, "म्हैस नीट चालतेय ना?" नर्सबाई त्याला म्हणाल्या, तू गप पड.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाय वाचेल बहुतेक. आणखी उशीर झाला असता तर कापावा लागला असता. मी मान डोलवली. गाडी तयार असती तर हा माणूस सकाळीच इथे आला असता, हे त्यांना कुठे माहीत!

१८ नोव्हेंबर

दादाला सगळं सांगून टाकलं. पार्ट कधी आले, कुठे लपवले. वहिनीचं नाव घेतलं नाही.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "कुरियरवाल्याचा फोन माझ्याकडेच आला होता. शेड मीच दाखवली त्याला. तू नाही म्हणालीस आणि मला इतकं हलकं वाटलं... रोज विचारायला यायचो, ते तू पुन्हा नाही म्हणावंस म्हणून."

वहिनी दारात होती. "भीती वाटते, हे मला सांगायचं होतंस ना," ती म्हणाली.

"तू सांगितलंस?" दादाने विचारलं.

उद्या नर्सबाईंना घेऊन मी वर जाते आहे. आत्ता दादा विचारून गेला — मागच्या सीटवर बसून येऊ का?