अंडं नाही ना, एवढंच विचारलं

कोल्हापूर,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रूपालीस,
जय जिनेंद्र. आईचे अ. उ. आ.

फोनवर तुझा आवाज ऐकला की मला रडू फुटतं आणि सांगायचं राहूनच जातं, म्हणून लिहायला बसले. चिराग पुण्यात तुझ्याजवळ सुखरूप पोचला, हे तुझ्या जिनेंद्रदादाने सांगितलं तेव्हा कुठे माझ्या घशाखाली अन्न उतरलं.

रविवारी जिनेंद्र, मी आणि चिराग टाऊन हॉलच्या बागेत गेलो होतो. राजारामपुरीतल्या नव्या फ्रेंच बेकरीतलं क्रोसाँ, म्हणजे तो पापुद्र्यांचा पाव, बागेत बसून खायचा, म्हणून त्याने आठवडाभर माझं डोकं खाल्लं होतं. दिवस मावळायच्या आत खाणं व्हावं म्हणून मी घाई केली. अंडं नाही ना, असं बेकरीतल्या मुलीला खोदून खोदून विचारलं. आमच्यात सगळं बिनअंड्याचंच हाय की काकू, असं ती म्हणाली आणि माझा जीव भांड्यात पडला. बदामाचं विचारायचं सुचलंच नाही गं! त्याला बदाम चालत नाही म्हणून तो असताना घरात तुकडा येऊ देत नाही मी. आणि इथे बदामच वाटून आत भरलेला, वरून काही दिसेना.

काय खूश होता! पापुद्रे शर्टभर सांडले, मामाच्या मिशीला क्रीम लागलं म्हणून गवतात लोळून हसला. मग ओठ सुजले. गळा धरून माझ्याकडे बघायला लागला, आवाज फुटेना. जिनेंद्रने त्याला उचलून दवाखाना गाठला. सुई टोचेपर्यंत माझ्या तोंडून णमोकारसुद्धा धड निघाला नाही.

यापुढे त्याला माझ्याकडे ठेवू नकोस. राग मानू नकोस, माया कमी करू नकोस.

तुझी आई


पुणे,
२० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रागच आला. खरं सांगते, तुझ्यावरही आला. झोपलेल्या पोराच्या नाकाशी हात धरून बसते, अशी माझी दशा झाली आहे.

पण तू फोनवरही त्याच्याशी बोलत नाहीस. आजी मला भ्यायला लागली का, असं त्याने काल विचारलं. काय सांगू त्याला?

डॉक्टरांनी मांडीत टोचायचं औषधाचं पेन दिलं आहे. ते आता कायम त्याच्या दप्तरात असेल. सरावासाठी बिनसुईचं मिळतं, ते तुला पाठवते आहे. नाताळच्या सुट्टीत तो येणार की नाही, ते तूच ठरव.

आमच्यावरची माया आवरून धरू नकोस, एवढंच मागणं.

तुझी रूपाली


कोल्हापूर,
४ डिसेंबर २०२४

चि. सौ. रूपालीस,
जय जिनेंद्र. अ. उ. आ.

पेन मिळालं. उशीवर, लोडावर, जिनेंद्रच्या मांडीवर दाबून बघते. मी खोलीत आले की तो हल्ली पाय पोटाशी घेतो. हसू नकोस. पेनाची टोपी काढायच्या आधीच मला दरदरून घाम फुटतो. परवा हातातून निसटून ते पलंगाखाली गेलं आणि मी खालीच बसून रडले. खरी वेळ आली असती तर, हेच डोक्यात. मग उठले, परत केलं. आता निसटत नाही.

चिरागला सांग, आजी भ्यायली आहे, पण त्याला नाही. सुट्टी लागली की पाठव.

तुझी आई