साडीचं दुसरं टोक

माय,

तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली, आणि आज तुझ्याशिवाय कुणाला विचारावं ते सुचत नाही. उद्या दुपारी एक नवरा-बायको फारकतीच्या कागदांवर सह्या करणार आहेत, आणि त्यात माझा हात आहे. भांडणाऱ्या जोडप्यांना समोर बसवून त्यांचं ऐकायचं, हे माझं काम. तू शेजारणींना कौतुकाने सांगायचीस, "मनी पोर भांडणं मिटाडस." डोंबल मिटवलं!

गोडादऱ्याची आपली खोली सारखी डोळ्यांपुढे येते. घडी घालायला साड्यांचे गठ्ठे यायचे, आणि मी शाळेतून आले की दप्तर ठेवायच्या आत तू साडीचं एक टोक माझ्या हातात देतेस. मी फणकाऱ्यात असले की ओढते. "वढू नको. मना हात देख." माझ्या तोंडाकडे बघतही नाहीस, तरी दोन साड्या होईपर्यंत विचारतेस, "कोनसंगे भांडनी?" कापडातूनच कळायचं तुला. मग मीही शिकले. तुझा हात सैल पडला की माझा सैल, तू पाऊल पुढे टाकलंस की मीही. पुढे या कामाचं शिक्षण घेताना शिकवणाऱ्यांनी तेच सांगितलं, शब्दांच्या आधी माणसाचं अंग बघा. मनात म्हटलं, हे तर आमच्या घरी रोजचंच.

आणि तरी काय करून बसले बघ. त्या जोडप्यातला नवरा रंगाईच्या मिलमध्ये कामाला, कोसाडला राहणारा, मुलखाचा अबोल. ती रडत रडत सांगत होती, "हा माणूस बोलतच नाही हो मॅडम." मी तिच्याकडे झुकले, तिच्याबरोबर मान हलवायला लागले, माझा श्वासही तिच्यासारखाच चालायला लागला. तो खाली बघत, सोफ्यावर पडलेलं तिच्या ओढणीचं टोक दोन बोटांत घट्ट धरून बसला होता. मला दिसलं गं, दिसलं! आणि मी म्हणाले, "दादा, तो चाळा सोडा आणि तिच्याशी बोला." त्याने टोक सोडलं. "काय बोलू, बेन?" एवढंच म्हणाला. परत आलाच नाही.

काल ती एकटी आली. "तुम्हीच सांगा मॅडम, त्यांनी मला एकदा तरी धरून ठेवलं का?" धरलं होतं, आणि सोडायला मी लावलं, हे कोणत्या तोंडाने सांगू? सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. लाज वाटते, भीतीही वाटते. न सांगावं तर त्यांचा संसार जातो. इतकी शिकले, आणि काय दिवे लावले मी!

तिला फोन लावायच्या आधी तुला एक सांगते. हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहायचा धीर होतोय. दवाखान्यात तुझी वाचा गेली होती, त्या दुपारी तू चादरीचं टोक मुठीत धरून पुन्हा पुन्हा माझ्याकडे सरकवत होतीस. मला वाटलं, गुंगीत करतेयस, सुई निघेल. नर्सने तुझी मूठ सोडवली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. नर्स नव्हतीच तिथे. मीच सोडवली, माय, आणि वर तुला म्हणाले, "वढू नको."