ओव्हन सुरू झाला ती सकाळ

आई, काल आमच्या बेकरीतला मोठा ओव्हन मी सुरू केला आणि तुला सांगितल्याशिवाय राहवेना. बेकरी म्हणजे आपल्या नंदनवन वस्तीतल्या चौकातली नव्हे. जर्मनीतला हा कारखाना आसपासच्या गावांना पाव पुरवतो, आणि इथली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सांभाळणारी टेक्निशियन मी आहे.

शाळेत असताना मी तुझा मिक्सर उघडून बसले होते. तू ब्लाउज शिवता शिवता उठलीस. मला वाटलं, आता धपाटा बसतो. तू म्हणालीस, "उघडला तं जोडूनबी दाखव. नाई तं चटणी पाट्यावर तूच वाट." बरेच दिवस वाटली, पण मिक्सर फिरला. पुढे आयटीआयच्या वेळी मामा म्हणाला, "पोरीले शिलाईचा कोर्स दे बाई, घरी बसून काम होते." तू सुईत दोरा ओवत होतीस. "घरी बसून मी करूनच राहिली ना गा. तिले काहून बसवू?" कळमेश्वरच्या कारखान्यातली माझी पहिली नोकरी तू पाहिलीस. पासपोर्ट मात्र पाहिला नाहीस, तो यायच्या आधीच तू गेलीस.

इथे ओव्हन चालवणारं जुनं पॅनल काढून कारखान्याच्या सुट्टीत नवं बसवायचं होतं. मालकांनी विचारलं, कोण करेल? मी हात वर केला. जमलं नसतं तर बाहेरची कंपनी आली असती आणि मी पुन्हा दिवे बदलत बसले असते. काल सकाळी सगळे जमलेत. मी बटण दाबते. ओव्हनमधून पाव नेणारा पट्टा हातभर सरकतो आणि थांबतो. फोरमन हळूच विचारतो, "बाहेरच्या कंपनीला फोन करू?" "थांबा," मी म्हणते. पट्टा सरकतोय हे पॅनलला कळवणारा एक सेन्सर असतो, त्याचीच खबर येत नाहीये. वाकून बघते तर मीच जोडलेली एक वायर स्क्रूखाली सैल. कसते. पुन्हा बटण. पट्टा चालू लागतो, चालतच राहतो, आणि पलीकडून पहिले पाव तांबूस होऊन बाहेर येतात. फोरमनने कुस्ती जिंकलेल्या पैलवानासारखा माझा हात वर उचलला. टाळ्या पडल्या. मी ओरडले, "झाला वं आई, झाला चालू!" कुणाला काही कळलं नाही, तरी सगळे हसले. दुपारी मालकांनी बोलावून दुसऱ्या ओव्हनचं कामही माझ्याकडे दिलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कपाटात तुझ्या साड्यांखाली राहील. म्हणून तुलाच सांगते. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी तोंडाने "पुरे, पुरे" म्हणत होते. मनात मात्र होतं, अजून जरा वाजू द्या.