संबंधित सदस्य बाहेर गेल्या

३ जून
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिकं. चादरीचे कोपरे एकीलाही धड दुमडता येईनात. ओरडले नाही. मुली एकमेकींकडं बघत राहिल्या. हे गेल्यापासून मी कुणावरच ओरडलेले नाही, कॉलेजात त्याची चर्चा आहे म्हणे.

दुपारी नर्सिंग परिषदेचं टपाल. शिस्तपालन समितीवर निवडून आलेली सदस्य म्हणून येतंच. या वेळी मयत म्हणून यांचं नाव. तक्रारदार गौतम, म्हणजे आमचे भाऊजी. तक्रार वैशालीविरुद्ध. माझ्याच हाताखाली शिकलेली पोरगी, हे गेले त्या दवाखान्यात खाटेजवळ ड्यूटीवर तीच होती. डॉक्टरांच्या आदेशाशिवाय इंजेक्शन दिलं, त्यानं मृत्यू झाला, सबब नोंदणी रद्द करावी.

कालचं वरण गरम केलं. जेवले.

७ जून
ताडकळसला सासरच्या घरी गेले. भाऊजी ओट्यावरच बसलेले.

"मला न सांगता तक्रार टाकलीत?"
"तुमी हायत ना तिथं वहिनी, म्हणून तर टाकलो. आपलं माणूस खुर्चीत असल्यावर सांगायचं काय त्यात?"
"आपलं माणूस असलं की उठून बाहेर जावं लागतं भाऊजी. नियम आहे."
"ह्यो कसला नियम? परक्यानं न्याय करायचा आन् घरच्यानं बाहेर बसायचं?"

जाऊबाई चहा घेऊन आल्या. मी निघताना भाऊजी म्हणाले, "दादाला कुणीतरी मारलं असं धरल्याशिवाय मला झोपच येत न्हाई." यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. यांनीच शिकवलं, लग्न लावून दिलं. मला झोप येते. तीही चांगली. याचं काय करावं कळत नाही.

९ जून
स्वतःसाठी एकदा लिहून ठेवते.

भाऊजी खाली औषधं आणायला गेले होते, मी यांच्या उशाशी. यांची नाडी बुडायला लागली. वैशालीनं डॉक्टरांना फोन लावला, हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकरवर. ते दुसऱ्या दवाखान्यात होते. औषध सांगितलं, मात्रा सांगितली. "दे तू, मी पोचतोच." तिनं दिलं. औषध बरोबर, मात्रा बरोबर. तिच्या जागी मी असते तर तेच दिलं असतं. हे त्यानंतर गेले. भाऊजी वर आले तेव्हा तिच्या हातात सिरिंज.

आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यांत असंच चालतं. आदेश फोनवर, सही डॉक्टर आल्यावर. त्या दिवशी सही राहिली. आता डॉ.चं म्हणणं, असा आदेश दिल्याचं स्मरत नाही. फोनवरचा आवाज तिच्याशिवाय ऐकणारी मीच.

१८ जून, मुंबई
आमचं प्रकरण पुकारल्याबरोबर उभी राहिले. तक्रारदार दीर, मयत पती, प्रतिवादी विद्यार्थिनी, तिन्ही संबंध सांगितले. "आणि त्या वेळी मी तिथे..." एवढ्यावर अध्यक्षांनी हात वर केला. "मॅडम, तुम्ही आता काही बोलू नका. कार्यवाहीवर परिणाम होईल." बरोबरच आहे त्यांचं. हा नियम लेखी असावा म्हणून गेल्या वर्षी समितीत भांडले कोण, तर मीच.

बाहेर आले. वैशाली बाकावर तिच्या वडलांशेजारी. उठून उभी राहिली, वर्गात राहायची तशी. मी पुढच्या खिडकीपाशी जाऊन थांबले. तिच्याशी बोलणंही नियमात बसत नाही.

शिपायानं चहा आणून दिला. साखर लय होती. प्यायले.

१९ जून, परतीच्या गाडीत
वै.ची नोंदणी दोन वर्षं स्थगित. सही राहिली, एवढ्यावर आजवर आम्ही समज देऊन सोडत आलोय.

निघताना अध्य. जिन्यापर्यंत सोडायला आले. हळूच म्हणाले, "मॅडम, तुमच्यासाठी एवढं तरी करता आलं."

मी 'बरं' म्हणाले. बरं!

म्हणजे मी उठून गेले, आणि ही विधवा बिचारी काही मागत नाही, आपणच समजून घ्यावं, असं आतल्या सगळ्यांनी धरलं. आत बसून मी जे केलं नसतं ते बाहेर बसून झालं. जालन्यापर्यंत डोक्यात काही आलं नाही. मग चीड आली. हे गेल्यापासूनच्या चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं. बरं वाटलं, खरं सांगायचं तर.

२ जुलै
वै. घरी आली. कामावरून काढलंय. आत ये म्हणाले तरी दारातच उभी.

"मॅडम, तुमी उठून का गेलाव?"
"नियम आहे."
"तुमीच शिकवलाव की, घाबरायचं न्हाई, खरं सांगायचं. मी सांगितले. साक्ष कोण म्हणले. मी तुमचं नाव घेतले. तर म्हणले, सदस्याला साक्षीला बोलवता येत न्हाई."

अपील करणार आहे, पूर्ण परिषदेपुढं. मी काही कबूल केलं नाही. ती गेल्यावर बराच वेळ दार उघडंच होतं.

११ जुलै
अध्य. ना फोन. म्हटलं, राजीनामा देते, मला साक्षीदार करा.

"राजीनामा परिषदेच्या बैठकीत मंजूर होतो. अपीलही त्याच बैठकीत आहे, पण आधी."
"मग क्रम बदला."
"तसा पायंडा नाही."

तरी पाठवून दिला.

२४ जुलै, मुंबई
तिकिटं भाऊजींनीच काढलेली, दोघांची. "वहिनी एकट्या कशा जातील." माझी बॅग त्यांच्याच खांद्याला. भाकरी, ठेचा, पाण्याची बाटली सगळं बांधून आणलेलं. त्यांना वाटतंय आम्ही एकाच कामाला आलोय.

परिषदेच्या व्हरांड्यात बसल्यावर म्हटलं, "भाऊजी, आत मला बोलायची मुभा नाही. तुम्हाला सांगते." सगळं सांगितलं. फोन, डॉक्टरांचा आवाज, औषध. तिच्या जागी मी असते तर तेच दिलं असतं, हेही.

भाऊजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. लांब पलीकडं वै. बसलेली, तिच्याकडं बघितलं नाही.

"मंग दादा कशानं गेला?"
"हृदय थकलं होतं."
"एवढंच?"
"एवढंच."

एवढं म्हटलं आणि रडू फुटलं. चारचौघांत, नाक वाहेस्तोवर. भाऊजी रडले नाहीत. पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली.

"हे आदी का न्हाई सांगितलाव वहिनी?"

तुम्ही विचारलं नाहीत असं म्हणता आलं असतं. पदरानं नाक पुसलं.

शिपायानं पहिलं नाव तक्रारदाराचं पुकारलं. त्यांना बोलायची मुभा आहे, इथं आलेल्यांत मला सोडून सगळ्यांनाच आहे. टोपी घातली, उठले. दारापाशी थांबून मागं बघितलं, माझ्याकडं की तिच्याकडं ते कळलं नाही. आत गेले.

वै. येऊन माझ्याशेजारी बसली. "काय सांगतेल मॅडम ते?"

माहीत नाही म्हणाले. भाऊजींचा आवाज येतोय, शब्द कळत नाहीत.