पिंजऱ्याच्या नावापुढचा काळा ठिपका

नागापूर, नगर
१९ जानेवारी १९९७

सन्माननीय मेहुणे नितीनराव यांस,
दाजी रंभाजी यांचा सप्रेम जय भीम.

इकडे सर्व ठीक असून तिकडेही ठीक असेल असं धरून चालतो (ठीक नसेल तर लगेच कळवू नये, आधी हे पत्र पूर्ण वाचावं, कारण सध्या माझ्याकडे दुसऱ्याच्या दुःखाला जागा नाही). सासूबाईंची नवी कवळी बसली का? श्रीगोंद्यात यंदा ऊस भरपूर आहे असं ऐकतो, म्हणजे तुमच्या कारखान्यात तुम्हाला वर मान करायला फुरसत नसेल. तरी हा कागद तुम्ही दोनदा वाचावा. एकदा भावनेनं आणि एकदा विचारानं.

वर्कशॉप बंद पडल्याचं तुम्हाला माहीत आहेच. चौदा वर्षं मी तिथं प्रेसवर पत्रा कापला. मालकांनी गेटला कुलूप घातलं आणि नोटीस अशा जागी लावली की ती वाचायला गेटच्या आत जावं लागे. चार महिने मी आणि शेजारचे महमूदभाई (ते तिथंच वेल्डिंगला होते) चहाच्या टपरीवर बसून देशाचा विचार केला. शेवटी देशाला आमची गरज नाही हे ध्यानात आलं आणि आम्ही उंदराचे पिंजरे करायला घेतले. वस्तू साधी. आत आकड्याला भजं अडकवायचं, उंदरानं भजं ओढलं की मागं झडप पडते. महमूदभाईंनी स्प्रिंग अशी बसवली की पहिला पिंजरा तपासताना त्यांचाच अंगठा सापडला. अंगठा दोन दिवस सुजला होता, पण माल पक्का निघाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी स्वतः पाहिला आहे.

आता विकायचं कुठं? तर तुमच्याकडेही दर शुक्रवारी येतं त्या साप्ताहिकात (नाव लिहीत नाही, संपादकांना आपलं नाव कुठंही दिसलं की आनंद होतो आणि मला त्यांना आनंद द्यायचा नाही) ‘घरबसल्या बाजार’ नावाचं पान सुरू झालं. जिल्ह्यातल्या कुणीही आपली वस्तू तिथं छापावी, गिऱ्हाइकानं कार्ड टाकावं, आपण पोस्टानं पार्सल करावं. इथवर पान चांगलं. पण तळाला ‘गिऱ्हाइकांचा कौल’ असतो. वस्तू घेणाऱ्यानं उत्तम, बरी किंवा टाकाऊ यातलं एक कळवायचं. टाकाऊ आलं की विकणाऱ्याच्या नावापुढं काळा ठिपका. तीन ठिपके झाले की नावच गायब. फोरमननं चौदा वर्षांत मला जे जे म्हटलं त्यातलं काहीही कधी छापून आलं नव्हतं. ते केवढं सुख होतं हे आत्ता कळतंय.

पहिला कौल राहुरीच्या एका किराणा दुकानदारांचा आला. महिन्यात अकरा उंदीर सापडले, वस्तू उत्तम. तुमच्या आक्कानं ते कात्रण खळ लावून आरशाच्या वर चिकटवलं. (तेव्हापासून भांग पाडताना मला आधी अकरा उंदीर दिसतात आणि मग मी दिसतो.) पण गल्लीत एका माणसानं ते वाचलं असेल तर शपथ. मी मुद्दाम ओट्यावर ते पान उघडं ठेवलं, तर त्यावर कुणीतरी शेंगा सोलल्या. दोन आठवड्यांनी सुप्याच्या राधाकृष्ण कोठुळे यांचा कौल आला. मजकूर असा: ‘पिंजरा आणून दोन महिने झाले. एकही उंदीर सापडला नाही. टाकाऊ.’ त्या शुक्रवारी, नितीनराव, ज्यांना वाचता येत नाही त्यांनीसुद्धा ते साप्ताहिक वाचलं. सकाळी दूध आणायला गेलो तर दूधवाला म्हणाला, “एकबी न्हाई व्हय?” एवढंच. दूध मात्र त्यानं नेहमीपेक्षा जास्त घातलं, आणि तेच मला जास्त लागलं.

हसण्यावारी नेलं असतं, पण धान्य भांडाराचे मॅनेजर गोदामासाठी चाळीस पिंजरे घेणार होते. त्या भरवशावर महमूदभाईंनी पत्रा आणून घरात ठेवला होता, इतका की त्यांच्या घरच्यांना निजायला पत्र्याच्या अलीकडे की पलीकडे हे रोज ठरवावं लागे. मॅनेजरांनी आमचा नमुन्याचा पिंजरा परत पाठवला. सोबत साप्ताहिकाचं ते पान, घडी अशी घातलेली की काळा ठिपका बरोबर वर यावा. महमूदभाईंनी पिंजऱ्याची झडप दोनदा उघडली, दोनदा पाडली, आणि म्हणाले, “रंभाजी, झडप तर पडती.”

मग मी संपादकांकडे गेलो. ते म्हणाले, गिऱ्हाइकाचं मत पवित्र असतं. मी म्हणालो, मग माझं मत? ते म्हणाले, तुमची जाहिरात असते. अर्धा तास डोकं लावल्यावर त्यांनी मला एका ओळीत खुलासा छापण्याची परवानगी दिली. मी लिहून दिलं, ‘आमच्या पिंजऱ्यात उंदीर सापडतोच.’ छापून आलं, ‘आमच्या पिंजऱ्यात उंदीर सडतोच.’ (संपादकांना विचारलं तर म्हणाले, एक काना नि एकच अक्षर गेलंय आणि अर्थ तसा जवळचा आहे.) पुढच्याच अंकात पाथर्डीच्या कुणी भागूबाई यांचा कौल आला की सडका उंदीर घरात ठेवणारी वस्तू कुणीही घेऊ नये, दुर्गंधी सुटते, टाकाऊ. मी आमच्या वहीत पाहिलं, पाथर्डीला आजवर एक पिंजरा गेलेला नाही. बाईंना वास पाथर्डीत बसून आला. दुसरा ठिपका पडला.

आता तिसऱ्याची वाट पाहायची की काही करायचं? मी सुप्याची एसटी पकडली. तुमच्या आक्कानं बजावलं होतं की भांडायचं नाही, समजावून सांगायचं. म्हणून वाटेत मी भांडणाची सगळी वाक्यं पाठ केली आणि उतरल्यावर ती सोडून दिली. कोठुळे साहेब तहसिलातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घर टापटीप. दारात पायपुसणं, त्या पायपुसण्यावर ते मळू नये म्हणून टाकलेलं गोणपाट. मी नाव सांगितल्यावर त्यांनी मला अर्जदाराला ठेवतात तितक्या अंतरावर बसवलं.

“पिंजरा कुठं लावलाय, साहेब?” मी विचारलं.

त्यांनी बोट केलं. नितीनराव, बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये, एका बाजूला नातवाचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला काचेचा हंस यांच्या मधोमध आमचा पिंजरा विराजमान होता. खाली विणलेला रुमाल. आणि सगळ्या पिंजऱ्यावर आम्ही पार्सल करताना घातलेली प्लास्टिकची पिशवी जशीच्या तशी, वर रबर बँडसुद्धा आमचाच.

“साहेब, प्लास्टिक काढलं नाहीत?”

“नवीन वस्तू आहे. गंजली तर जबाबदार कोण?”

“पण मग उंदीर आत जाणार कसा?”

“ते तुम्ही बघायचं,” साहेब म्हणाले. “सोबत तशी लेखी सूचना नव्हती.”

मी काही बोलणार तेवढ्यात आतून त्यांच्या कारभारीण बनुबाई आल्या. हातात एक फाइल, अर्धी कुरतडलेली. “तुमीच का ते पिंजरेवाले? आवो, यांच्या पेन्शनीचे कागद खाल्ले मेल्यांनी. दोन महिनं झालं सांगती, त्याची पिशवी काडा, पिशवी काडा. म्हनत्यात, हात लावू नको, नवं हाय.” साहेबांनी फाइल त्यांच्या हातातून घेतली आणि पाठीमागं धरली, जणू मी तपासणीला आलेलो.

मग मी परवानगी घेऊन (तोंडी, लेखी मागितली असती तर आजही तिथंच असतो) प्लास्टिक काढलं. बनुबाईंनी कांद्याचं भजं तळलं. खरं तर त्यांनी बशीभर तळली, एक आकड्याला लावलं आणि बाकीची आम्ही खाल्ली. पिंजरा कपाटाखाली सरकवून आम्ही तिघं वाट पाहत बसलो. साहेब मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होते. मी देवाधर्माच्या भानगडीत पडत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, पण त्या अडीच तासांत मी त्या उंदराची जितकी आळवणी केली तितकी मालकांचीही केली नव्हती. चौदा वर्षांचा हात, महमूदभाईंचा अंगठा, भांडाराचा पत्रा, सगळं त्या एका प्राण्याच्या भुकेवर येऊन बसलं होतं. तिसऱ्या चहाला खट्ट आवाज झाला.

बनुबाईंनी टाळी वाजवली. उंदीर चांगला वीतभर, पेन्शनीवर पोसलेला. साहेबांनी वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि तोवर बोलले नव्हते इतक्या सभ्यपणे म्हणाले, “सापडला खरा.” नवा कौल पाठवतो असा शब्द त्यांनी दिला. मी त्यांना वाकून नमस्कार केला. परतीच्या एसटीत मी उभ्यानं आलो, पण बसल्यासारखं वाटत होतं.

साहेब शब्दाला जागले. परवाच्या शुक्रवारी त्यांचा कौल छापून आला, तो तसाच उतरवतो: ‘विक्रेता जातीनं घरी येऊन तीन तास बसला तेव्हा एक उंदीर सापडला. विक्रेत्याशिवाय पिंजरा चालत नाही. विक्रेता बरा. पिंजऱ्याबद्दल मत कायम.’

संपादकांनी ठिपका काढला नाही. ‘मत कायम’ म्हटल्यावर ठिपका कायम, असा त्यांचा हिशेब. आणि पत्रांचं म्हणाल तर आता रोज येतात. शेवगावहून एकानं लिहिलंय, पिंजरा नको, माणूस कधी येईल ते कळवा. संगमनेरच्या बाईंनी विचारलंय की माणूस भजी घेऊन येतो की घरी तळावी लागतात. भांडाराच्या मॅनेजरांचाही निरोप आला. त्यांना चाळीस पिंजऱ्यांच्या जागी एक मी पुरेल, गोदामात रोज येऊन बसावं, खुर्ची भांडार देईल. महमूदभाई म्हणतात, जा. माझं मन होत नाही. पत्रा कापून हात फाटले ते पिंजऱ्यासाठी, मला स्वतःला आमिष म्हणून बसवण्यासाठी नव्हे. मी मॅनेजरांना कळवलं आहे की घ्यायचे तर पिंजरे घ्या, मी पहिल्या दिवशी लावून देईन आणि घरी जाईन. उत्तर यायचं आहे. आलं तर तुम्हाला कळेल, नाही आलं तर माझ्या पुढच्या पत्राच्या अक्षरावरून कळेल.

घरातल्या थोरांना जय भीम, लहानांना आशीर्वाद.

तुमचा दाजी,
रंभाजी

ता. क. मूळ काम राहिलंच. येत्या शुक्रवारच्या आत तुम्ही श्रीगोंद्याहून एक कौल पाठवावा. ‘उत्तम’ एवढं ठळक अक्षरात. उंदीर चौदा लिहा, चाळीस लिहू नका, तुम्हाला वाढवून लिहायची सवय आहे. अक्षर वहिनींचं असावं.

ता. क. २. पिंजरा पाठवत नाही. उगाच वापरून बघाल आणि मत तयार होईल. कौल द्यायला वस्तू हातात असावी लागते असा नियम त्या पानावर कुठंही नाही, हे पाथर्डीच्या बाईंनी सिद्ध केलं आहे.

ता. क. ३. नितीन, मी आक्का. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडं दिलंय म्हणून खाली लिहिते. यांनी लिहिलंय ते सगळं खरं हाय, मी साक्षीला हाय. पण घरात उंदीर लई झालेत. साठ पिंजरे एकावर एक रचलेत, त्यातल्या खालून तिसऱ्यात उंदरीण व्याली. झडप उघडीच, आत कापूस अंथरून निवांत बसलीय. तुझ्या मांजरीला पिल्लं झाल्याचं कळलं. एक पिल्लू येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर धाडून दे, लवकर. यांना काही बोलू नको. मांजर आपणहून आलं म्हणून सांगीन.