आक्काचे दात

आबा, आज नववीच्या वर्गात मी माणसाची वाढ शिकवली. करडू जन्मल्यावर तासाभरात उभं राहतं, वर्ष-सव्वा वर्षात स्वतः व्यातं. माणसाच्या लेकराला मोठं व्हायला अठरा-वीस वर्षं लागतात. लाखो वर्षांत आपली जात अशीच घडत आली. लहानपणी खाल्लेलं बरंचसं मेंदूच गिळतो, म्हणून अंग सावकाश वाढतं आणि तोवर कुणीतरी भरवत राहावं लागतं. तुमच्या शेळ्यांपुढे माणूस म्हणजे भलताच रेंगाळणारा प्राणी, असं म्हटल्यावर मुली हसल्या.

तुम्ही बाजारात शेळीचा जबडा उघडायचात आणि दात बघून वय सांगायचात. अख्खं नेकनूर तुमचा शब्द मानायचं. त्या उन्हाळ्यात चकलांब्याचे पाहुणे आक्काला बघायला येणार होते, आणि तिचं वय कुणालाच धड ठाऊक नव्हतं. तुम्ही तिला दारातल्या उजेडात बसवता, हनुवटी धरून तोंड उघडायला लावता. दुधाचा एकही दात राहिलेला नाही, मागची दाढही आलीय. "दात भरले की हिचे. लेकरू न्हाई आता ही." आई चुलीपुढून म्हणते, "आवो, शेरडू हाय का ती?" तुम्ही हसता. "जित्राब कळतं, अन् माणूस कळंना व्हय मला?" आक्का आ वासूनच माझ्याकडे बघते. मीही हसत असते.

अक्कलदाढ सोडली तर दात बाराव्या-तेराव्या वर्षीच भरतात, आबा. बाईच्या कमरेचं हाड त्यानंतर कितीतरी वर्षं रुंदावत राहतं. वर्षभरातच आक्का बाळंतपणात गेली, बाळही गेलं. तिला पोचवून आलात, त्यानंतर तुम्ही कुठल्याच शेळीचं तोंड उघडलं नाही. माझ्या लग्नाचं कुणी काढलं की उठून जायचात. मला बाविसाव्या वर्षापर्यंत शिकवलंत, रोज एसटीत बसवायला आलात. मी तुमचे पाय धरायला हवे होते. पण ती वर्षं आक्काची होती असं वाटायचं, आणि तुमचा इतका राग यायचा की खिडकीतून मागे वळूनही बघायची नाही. तुम्ही गेलात तेव्हाही तो राग तसाच होता.

आज दातांचं सगळं वर्गात सांगून टाकलं, कुणाचं नाव न घेता. मग मागच्या बाकावरच्या एकीने विचारलं, "मॅडम, कोण व्हता त्यो बाप?"

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून खरं लिहिते. मी म्हणाले, "होता कुणीतरी लांबच्या गावचा. मी नाही ओळखत."